टपाल ब्रिटिशांचं, बंदर डॅनिश : सेंट थॉमसचं प्रकरण

१८६७ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, अवघ्या तीन आठवड्यांत, वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश टपालसेवेचं कंबरडं मोडलं. २९ ऑक्टोबरच्या चक्रीवादळात रॉयल मेल स्टीम पॅकेट कंपनीच्या ऱ्होन आणि वाय या दोन आगबोटी बुडाल्या, डर्वेंट आणि कॉनवे किनाऱ्यावर फेकल्या गेल्या. त्यातून माणसं सावरतात न सावरतात तोच १८ नोव्हेंबरला भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामीची लाट सेंट थॉमसच्या बंदरात शिरली. कंपनीच्या वेस्ट इंडीजकडच्या टपालाची मुख्य अदलाबदल याच बंदरात होत असे.

निसर्गाचा कोप म्हणून हे सोडून देता येतं. पण वादळ येणं आणि त्या वादळाने एवढ्या बेटांचं टपाल एकदम अडकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कुणाच्या हातात नव्हती, दुसरी होती. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो, तसा ब्रिटिश सरकारच्या पैशावर चालणाऱ्या या सेवेचा जीव डेन्मार्कच्या मालकीच्या एका चिमुकल्या बेटात कसा जाऊन बसला, हे या प्रकरणात पाहायचं आहे. माझं उत्तर आधीच सांगतो : पत्रं कुठे जायची आहेत यावरून ते ठरलंच नाही. ठरलं ते कोळसा कुठे भरता येतो यावरून.

शिडाच्या काळातली अडचण

इंग्लंडहून वेस्ट इंडीजला नियमित टपाल नेण्याची पहिली व्यवस्था १७०२ साली एडमंड डमर याने सुरू केली. बार्बेडोस, अँटिग्वा, माँटसेरात, नेव्हिस आणि जमैका ही त्याची बेटं. दहाएक वर्षांत तो कर्जात बुडाला, पण टपालजहाजांची कल्पना टिकली. पुढे फालमथ बंदरातून छोटी शिडाची जहाजं वर्षानुवर्षं ही ने-आण करत राहिली. १८२३ मध्ये हा कारभार टपालखात्याकडून नौदलाकडे गेला.

शिडाच्या जहाजाला इंग्लंडहून बार्बेडोस गाठायला पाच-सहा आठवडे लागत. लोक याच आकड्यावर बोट ठेवतात. पण बेटांवरच्या माणसाची खरी अडचण वेगळीच होती. या भागात व्यापारी वारे वर्षातला बराच काळ पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. बार्बेडोसहून जमैकाला जायचं तर वारा पाठीशी. जमैकाहून बार्बेडोसला यायचं तर वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी वळणं घेत, दिवसचे दिवस पुढे-मागे होत यावं लागे. म्हणून टपालजहाजं पूर्वेकडून शिरत, बेटं घेत घेत पश्चिमेला उतरत आणि तिकडूनच घरची वाट धरत. उलटं टपाल जवळजवळ नव्हतंच. एकाच राजाच्या दोन वसाहती एकमेकींना पत्र लिहू शकत, पण उत्तर कधी येईल ते वाऱ्यावर.

वाफेच्या इंजिनाने अटलांटिक ओलांडण्याचा वेळ निम्म्यावर आणला, हे खरं आहे. पण बेटांच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट अशी की आगबोट वाऱ्याच्या विरुद्ध जाऊ शकत होती. टपाल पहिल्यांदाच दोन्ही दिशांनी वाहू लागणार होतं.

कागदावरचं वेळापत्रक

हे नेमकं ओळखणारा माणूस म्हणजे जेम्स मॅक्वीन. स्कॉटलंडचा, तरुणपणी ग्रेनाडात साखरेच्या मळ्यावर व्यवस्थापक. गुलामगिरीचा उघड आणि कडवा समर्थक, ही त्याची दुसरी ओळख, आणि ती झाकून त्याचं कौतुक करू नये. ही टपालयोजना मुळात मळेवाले आणि त्यांचे लंडनमधले व्यापारी यांच्या सोयीसाठी होती. भूगोलाची मात्र त्याची जाण विलक्षण होती. नायजर नदी गिनीच्या आखातात जाऊन मिळते, हे त्याने आफ्रिकेत पाऊल न टाकता, गुलामांकडून आणि प्रवाशांकडून ऐकलेल्या माहितीवरून मांडलं होतं. वेस्ट इंडीजची टपालयोजनाही त्याने तशीच टेबलावर नकाशा पसरून आखली.

२६ सप्टेंबर १८३९ रोजी या योजनेवर उभ्या राहिलेल्या रॉयल मेल कंपनीला राजसनद मिळाली. मार्च १८४० मध्ये सरकारशी करार झाला : वर्षाला २ लाख ४० हजार पौंड आणि १४ आगबोटी. त्याच सुमारास सॅम्युअल क्युनार्डला इंग्लंड ते उत्तर अमेरिका या मार्गासाठी साधारण ६० हजार पौंड मिळत होते. म्हणजे बेटांच्या टपालावर सरकार चौपट खर्च करायला तयार होतं. हा खर्च निव्वळ पत्रांवरच्या प्रेमापोटी नव्हता. युद्ध झालं तर या बोटींवर मोठ्या तोफा चढवता याव्यात, अशी अट करारात होती. टपालाचा ताबा घेऊन नौदलाचा एक अधिकारी प्रत्येक बोटीवर असे.

बोटींना ब्रिटनमधल्या नद्यांची नावं दिली : थेम्स, टे, फोर्थ, क्लाइड, ट्वीड, मेडवे, सोलवे... दोन्ही बाजूंना चाकं असलेल्या, लाकडी बांधणीच्या या बोटी १८४२ च्या जानेवारीपासून धावू लागल्या. इंग्लंडहून निघून मदेरा, तिथून बार्बेडोस आणि पुढे शाखांमधून बाकीची बेटं. सगळ्या शाखा मिळून वर्षाला पावणेसात लाखांहून जास्त मैलांचा प्रवास ठरला होता, तोही महिन्यातून दोनदा.

मॅक्वीनच्या वेळापत्रकात प्रत्येक बोट दुसऱ्या बोटीला ठरलेल्या तासाला भेटणार होती. योजनेचा जीव त्या भेटींत होता आणि दोषही तिथेच. इंग्लंडहून येणारी बोट वाऱ्यामुळे दोन दिवस उशिरा आली की तिच्यातल्या थैल्यांसाठी सगळ्या शाखांच्या बोटी थांबून राहत. त्या उशिरा निघत, उशिरा परत येत, आणि इंग्लंडला जाणारी परतीची बोट त्यांच्यासाठी अडकून पडे. दोन दिवसांचा उशीर पंधरवड्यात साऱ्या जाळ्यात पसरे. बोट आल्यापासून ती परत जाईपर्यंतच्या वेळात छोट्या बेटावरच्या व्यापाऱ्याला उत्तर लिहून टाकायचं असे. तो वेळ हुकला की पुढच्या बोटीपर्यंत हात चोळत बसा.

त्यात पाण्याखालचे खडक धड नकाशावर नव्हते, कप्तान नवे होते, रात्री-अपरात्री बेटांजवळ जायची घाई होती. मे १८४२ मध्ये मेडिना टर्क्स बेटांजवळ खडकावर फुटली. ऑक्टोबरमध्ये आयसिस बर्म्युडाजवळ बुडाली. एप्रिल १८४३ मध्ये सोलवे स्पेनच्या किनाऱ्याजवळ गेली, कप्तानासह. सव्वा वर्षात १४ पैकी ३. वेळापत्रकाला मोठी कात्री लागली, फेऱ्यांचे मैल कमी झाले, आणि शाखांच्या भेटी एकाच भक्कम बंदरात एकवटण्याकडे कल वाढला.

सेंट थॉमसच का?

ते बंदर ठरलं सेंट थॉमस. ब्रिटिश टपालाची निम्मी-अधिक कामं ज्या बेटांसाठी होती, ती बार्बेडोस, जमैका, त्रिनिदाद, अँटिग्वा, ग्रेनाडा ही ब्रिटिश होती. सेंट थॉमस डेन्मार्कचं. तिथे ब्रिटनचा गव्हर्नर नव्हता, कायदा नव्हता, तटबंदी नव्हती.

पण नकाशा पाहा. बेटांची कमान जिथे दक्षिणेकडून वर येऊन पश्चिमेला वळते, त्या कोपऱ्यावरच सेंट थॉमस आहे. युरोपातून आलेल्या बोटीला तिथून एक शाखा दक्षिणेला बार्बेडोस आणि डेमरारापर्यंत (ब्रिटिश गयाना) सोडता येते, दुसरी पश्चिमेला पोर्तो रिको, जमैका आणि पुढे पनामाच्या भूशिरापर्यंत, तिसरी हवाना-व्हेराक्रूझकडे. शार्लट अमाली गावापुढचं बंदर खोल आणि तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं. शिवाय डेन्मार्कने ते जकातमुक्त ठेवलं होतं आणि युरोपातल्या भांडणांत तटस्थ राहायची त्याची रीत होती. त्यामुळे सर्व देशांचे व्यापारी तिथे आधीच वखारी घालून बसले होते.

आणि कोळसा. माझ्या मते पारडं फिरवलं ते यानेच. चाकांच्या त्या जुन्या बोटी दिवसाला जवळपास पंचवीस-तीस टन कोळसा खात. वेस्ट इंडीजमध्ये कोळशाची खाण नाही. तो वेल्समधून शिडाच्या जहाजांतून आणून साठवावा लागे. वाफेचं टपाल वेळेवर पोहोचावं म्हणून वाऱ्याच्या भरवशावर चालणारी शेकडो जहाजं आधी पाठवावी लागत. मुंबईकरांना हे गणित नवं नव्हतं. मुंबईच्या गोदीत बांधलेली ह्यू लिंडसे २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली, तेव्हा तिच्या डेकवरसुद्धा कोळसा रचलेला होता, आणि १८३९ मध्ये एडन ताब्यात घेण्यामागे कोळशाच्या साठ्यासाठी जागा हवी होती हे मोठं कारण होतं. अटलांटिकमध्ये एडनचं काम सेंट थॉमसने केलं, फक्त ते जिंकून घ्यावं लागलं नाही. कंपनीने बंदराच्या तोंडावरच्या हॅसल बेटावर कोळशाची वखार टाकली.

कोळसा भरायच्या बायका हे सेंट थॉमसला उतरणाऱ्या प्रवाशांनी हमखास टिपलेलं दृश्य. डोक्यावर टोपली, किनाऱ्यापासून बोटीपर्यंत टाकलेली फळी, एका फळीवरून भरल्या टोपल्या वर आणि दुसऱ्यावरून रिकाम्या खाली. मजुरी टोपलीमागे. चाळीस किलोची टोपली धरली तर पाचशे टन म्हणजे साडेबारा हजार खेपा होतात. बोट लवकर सोडायची तर हे काम रात्रभर चाले. लंडनमध्ये बसून टपालाचं वेळापत्रक तासांत मोजणाऱ्यांच्या हिशेबात या खेपांना फक्त ‘कोळसा भरणे’ एवढीच ओळ होती. डॅनिश बेटांवर गुलामगिरी ३ जुलै १८४८ पर्यंत कायदेशीर होती, म्हणजे या सेवेची पहिली साडेसहा वर्षं त्याच काळातली.

एवढ्या ब्रिटिश थैल्या हाताळायच्या म्हणून परक्या बेटावर ब्रिटिश टपाल कचेरी उघडली गेली. व्हिक्टोरिया राणीच्या तिकिटावर सी ५१ असा शिक्का दिसला की ते पत्र सेंट थॉमसहून गेलं, हे तिकीटसंग्राहक आजही ओळखतात. शाखांच्या टोकाशी स्थानिक लोकही आपापली सोय लावत होते. त्रिनिदादमध्ये पोर्ट ऑफ स्पेन आणि सॅन फर्नांडो यांच्यामध्ये चालणाऱ्या लेडी मॅक्लिऑड या छोट्या आगबोटीच्या मालकाने एप्रिल १८४७ मध्ये, मॉरिशसच्या प्रसिद्ध तिकिटांच्याही काही महिने आधी, पाच सेंटचं आपलं खासगी तिकीट छापलं.

मिळालेल्या सूचना

या व्यवस्थेतला धोका कुणाला दिसलाच नाही, असं नाही. १८५८-५९ मध्ये ब्रिटिश टपालखात्याने आपला एक अनुभवी अधिकारी पाहणीला पाठवला, अँथनी ट्रोलोप. पुढे तो कादंबरीकार म्हणून जास्त गाजला, पण टपालाच्या कामात तो कसलेला होता. बेटांवरच्या टपाल कचेऱ्या वसाहतींच्या स्वाधीन कराव्यात, हे मत १८६० मध्ये अमलात आलं. मुख्य जंक्शन सेंट थॉमसहून जमैकाला हलवावं, अशीही त्याची शिफारस होती. जमैका ब्रिटिश, मोठं, आणि १८५५ मध्ये सुरू झालेल्या पनामा रेल्वेच्या टोकाला जवळ. ही शिफारस मात्र बाजूला पडली. वखार, गोदी, दुरुस्तीची सोय, मजूर असं सगळं एकदा सेंट थॉमसला उभं राहिलेलं असताना ते उचलून दुसरीकडे मांडायला कंपनी तयार नव्हती.

दुसरी सूचना रोगाची. बंदिस्त बंदर जहाजांना जितकं सुरक्षित, तितकंच त्याचं पाणी साचलेलं. पीतज्वर तिथे पुन्हा पुन्हा उफाळे आणि नुकत्याच आलेल्या युरोपीय खलाशांना तोच आधी गाठे. डास त्याला कारणीभूत आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं, घाण पाणी आणि हवा यांना दोष दिला जाई. त्या समजुतीतून १८६० च्या दशकात डॅनिश सरकारने हॅसल बेटाला जमिनीशी जोडणारी चिंचोळी पट्टी खणून काढली, पाणी खेळतं राहावं म्हणून. तोवर हॅसल हे बेट नव्हतंच, भूशिर होतं.

तिसरी सूचना बोटींच्या बांधणीची, आणि ती सर्वांत महाग पडली. नौदलाचा आग्रह लाकडी बोटींचा, कारण तोफगोळ्यापुढे लोखंड टिकत नाही असं त्यांचं म्हणणं. जानेवारी १८५२ मध्ये अ‍ॅमेझॉन ही नवी कोरी लाकडी बोट पहिल्याच सफरीत, साउथॅम्प्टन सोडल्यावर दोन दिवसांत पेटली. शंभराहून अधिक माणसं गेली. त्यानंतर लोखंडी बोटींना मोकळीक मिळाली. अ‍ॅमेझॉनच्या जागी मात्र कंपनीने क्युनार्डसाठी बांधली जात असलेली एक लाकडी बोट विकत घेतली आणि तिचं नाव ला प्लाटा ठेवलं.

२९ ऑक्टोबर

१८६७ च्या शरद ऋतूत सेंट थॉमसमध्ये पीतज्वर होता. म्हणून ऱ्होन आणि कॉनवे या बोटी तिथे न थांबता जवळच्या ब्रिटिश बेटांपैकी पीटर आयलंडच्या आडोशाला उभ्या होत्या आणि माल, प्रवासी, कोळसा यांची देवाणघेवाण तिथेच चालली होती. जंक्शन वापरायच्या लायकीचं उरलं नव्हतं, तरी वेळापत्रक चालू होतं. या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. जंक्शन बदलायचा निर्णय वरच्यांनी टाळला, म्हणून तो रोजच्या रोज, जमेल तसा, कप्तानांना घ्यावा लागत होता. आणि पीटर आयलंडला सेंट थॉमससारखं बंदिस्त बंदर नव्हतं.

ऱ्होन दोनच वर्षांची होती. लोखंडी, ३१० फूट लांब, मागे पितळी पंखा असलेली, कंपनीचा अभिमान. २९ तारखेला सकाळी वायुभारमापक झपाट्याने उतरू लागला. कप्तान रॉबर्ट वुली आणि कॉनवेचा कप्तान यांना वाटलं, हा उत्तरेचा हिवाळी वारा असणार. चक्रीवादळांचा हंगाम तर सरला होता. वादळाचा पहिला अर्धा भाग दोन्ही बोटींनी सोसला. मग वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा शांत मध्यभाग, वर आला आणि वारा पडला.

त्या शांत वेळात दोन गोष्टी झाल्या. ऱ्होन जास्त भक्कम म्हणून कॉनवेवरचे प्रवासी तिच्यावर चढवण्यात आले. आणि दुसरा अर्धा भाग उलट्या दिशेने येणार, तेव्हा किनाऱ्याजवळ राहण्यापेक्षा खुल्या समुद्रात जावं, असं वुलीने ठरवलं. नांगर वर येईना. खेचताना साखळी तुटली आणि दीड टनाच्या घरातला नांगर साखळीसह तळाशी गेला. आता परत फिरून उभं राहायचा पर्यायच उरला नाही. ऱ्होन पूर्ण वाफेवर निघाली. सॉल्ट आयलंडच्या टोकापासून ती निसटणार, तेवढ्यात वारा दक्षिणेकडून उसळला आणि तिला ब्लॅक रॉक पॉइंटवर नेऊन आपटलं. तापलेल्या बॉयलरवर थंड पाणी आलं, स्फोट झाला, बोट मधोमध दुभंगली. सुमारे १२३ माणसं गेली, २३ वाचली. कॉनवे टॉर्टोलाच्या किनाऱ्यावर जाऊन रुतली, आणि नंतर तिला पुन्हा पाण्यात ओढता आलं.

वुलीचा निर्णय चुकीचा होता, असं मी म्हणणार नाही. त्या काळच्या ज्ञानानुसार तो बरोबर होता. वाय ही बोट बक आयलंडजवळ बुडाली आणि डर्वेंट थेट सेंट थॉमसलाच फुटली, म्हणजे मुख्य बंदरात असती तरी ऱ्होन वाचलीच असती असंही नाही. पण एकाच वेळी एवढ्या बोटी एकाच कोपऱ्यात होत्या, कारण वेळापत्रकाने त्यांना त्याच दिवसांत त्याच कोपऱ्यात भेटायला लावलं होतं. मॅक्वीनच्या टेबलावरची ती ‘भेट’ अजून जिवंत होती.

१८ नोव्हेंबरला दुपारी सेंट थॉमस आणि सेंट क्रॉय यांच्यामधल्या समुद्रतळाशी भूकंप झाला. काही मिनिटांत पाण्याची भिंत बंदराकडे येताना दिसली. वॉटर आयलंडजवळ ला प्लाटा उभी होती, अ‍ॅमेझॉनच्या जागी घेतलेली तीच लाकडी बोट. लाट तिच्यावर आली आणि ती तरली.

नंतर

वादळाच्या पाचच दिवस आधी, २४ ऑक्टोबरला, डेन्मार्क आणि अमेरिका यांच्यात सेंट थॉमस-सेंट जॉन ७५ लाख डॉलरला विकण्याच्या करारावर सह्या झाल्या होत्या. तो करार पार पडला असता तर ब्रिटिश टपालाचं जंक्शन अमेरिकेच्या ताब्यात गेलं असतं, आणि लंडनला त्यात काहीच बोलता आलं नसतं. वादळ आणि भूकंपानंतर अमेरिकी सिनेटने तो प्रश्न तसाच पडू दिला. बेटं अखेर १९१७ मध्ये, अडीच कोटी डॉलरला विकली गेली.

आता, ट्रोलोपचं ऐकून जमैकाला गेले असते तर बरं झालं असतं का? राजकीय बाजूने हो. निसर्गाच्या बाजूने याचं उत्तर इतकं सोपं नाही : जानेवारी १९०७ मध्ये किंग्स्टनही भूकंपात आणि आगीत उद्ध्वस्त झालं. म्हणून या प्रकरणात ‘चुकीचं बेट निवडलं’ एवढंच म्हणून थांबता येत नाही. दुसरं बंदर तयार न ठेवणं, ही खरी चूक होती. मुख्य वखार एकच, मुख्य अदलाबदल एकाच जागी. रोग आला तरी पर्याय म्हणून हाताशी होता तो फक्त पीटर आयलंडचा उघडा आडोसा.

जंक्शन हललं १८८५ च्या नव्या करारात, बार्बेडोसला. तोवर इंजिनं बदलली होती. दुहेरी सिलिंडरची नवी इंजिनं तेवढ्याच कोळशात बरंच जास्त अंतर कापत, त्यामुळे बोटीला बार्बेडोसपर्यंत जाऊन पुढे निघायला सेंट थॉमसच्या वखारीची गरज उरली नाही. १८६७ च्या मृतांनी जे घडलं नाही, ते कोळशाचा खप घटल्यावर घडलं.

ब्रिटिश टपालाच्या थैल्या गेल्या तरी इतर कंपन्यांच्या बोटी सेंट थॉमसला कोळसा घ्यायला येतच राहिल्या. १८९२ मध्ये टोपल्या वाहणाऱ्यांनी संप केला. भाव घसरलेल्या मेक्सिकन चांदीच्या नाण्यांत मजुरी घेणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. संपाच्या अग्रभागी क्वीन कोझाया या नावाने ओळखली जाणारी बाई होती, आणि सेंट थॉमसमध्ये तिचं नाव आजही घेतलं जातं.